विंडोज पीसी आणि मॅक मिनी एकाच घरात: झाडीपट्टीच्या अख्ख्या सीझननंतरचा अनुभव

आधी निकाल सांगतो. फायली शेअर करण्याचं काम एक नंबर झालं. प्रोसेसिंगची ताकद मात्र बहुतेकांना वाटते तशी शेअर होत नाही. दोन मशीनचे प्रोसेसर, दोन्हींची रॅम अशी बेरीज होत नाही. कामं वाटून देता येतात, एवढंच. पण कोणतं काम कुणाला द्यायचं हे एकदा जमलं, की नवीन मशीनचा खर्च टळतो. आमचा टळला.

घर नागपुरात, मनीष नगरला. वरच्या खोलीत माझा विंडोज पीसी: रायझन 5, आरटीएक्स 3060 (एनव्हिडियाचं ग्राफिक्स कार्ड), 32 जीबी रॅम. खाली बहिणीचा एम1 मॅक मिनी, 8 जीबीवाला. ती झाडीपट्टीची नाटकं शूट करते. विदर्भाबाहेरच्यांसाठी सांगतो: दिवाळीनंतर मंडई (गावची जत्रा) आणि शंकरपट (बैलांच्या शर्यती) यांच्या निमित्ताने गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदियाच्या गावांत रात्र-रात्र नाटकं चालतात. वडसा हे नाटक मंडळ्यांचं मुख्य ठाणं. म्हणजे शूटिंग चार-चार तासांचं, आणि कॅमेरे दोन, एक स्टँडवर आणि एक हातात.

हिशोब बघा. 100 एमबीपीएसने (सेकंदाला 100 मेगाबिट, म्हणजे 12.5 एमबी) 4के शूट केलं तर तासाला 45 जीबी होतात. चार तास, दोन कॅमेरे, म्हणजे एका नाटकाचे 360 जीबी. मॅकमध्ये एवढी जागाच नाही. म्हणून सगळं फुटेज वरच्या पीसीत, फोल्डर नेटवर्कवर शेअर, आणि मॅक त्याला एसएमबीने (नेटवर्कवरून फोल्डर उघडण्याची पद्धत) जोडलेला. फाइंडरमध्ये कमांड-के दाबायचं, पीसीचा आयपी टाकायचा, झालं. पीसीला राउटरमधून आयपी पक्का करून ठेवा, नाहीतर राउटर रीस्टार्ट झाला की तो बदलू शकतो.

एक गैरसमज बऱ्याच जणांचा दिसतो: मॅक एनटीएफएसवर (विंडोजच्या डिस्कचा फॉरमॅट) लिहू शकत नाही, मग शेअर कसं करणार? डिस्क थेट मॅकला लावली तर ती अडचण येतेच. पण नेटवर्कवरून जाताना लिहिण्याचं काम विंडोज करतं, मॅकला डिस्कचा फॉरमॅट दिसतही नाही. एक्सफॅट (दोघांनाही लिहिता येणारा फॉरमॅट) लागतो तो फक्त गावोगाव नेण्याच्या एसएसडीला.

आता वायर. यावर जास्त लिहितो, कारण सगळं इथेच अडतं. वायफायवर सेकंदाला 30 एमबी मिळाले तरी 360 जीबीला तीन तासांच्या वर जातात, आणि मधे भिंती असल्या की तेवढेही मिळत नाहीत. गिगाबिट वायरीवर प्रत्यक्षात 110 एमबीच्या आसपास मिळतात, तासाभरात काम आटोपतं. आम्ही बर्डीच्या (सीताबर्डी) बाजारातून कॅट 6 लिहिलेली नेटवर्कची वायर आणली, जिन्यातून खाली सोडली, आणि विंडोजने लिंक स्पीड दाखवला 100 मेगाबिट. गिगाबिटला वायरीतल्या चारही जोड्या लागतात. दोनच जोड्या धड असल्या तर गाडी 100 वर येते, म्हणजे सेकंदाला जेमतेम 11-12 एमबी. त्या वेगाने एका कॅमेऱ्याचं फुटेजही सरळ प्ले होत नाही. टोक कापून ब्लेडने तार खरवडली तर वरून तांबं आणि आत पांढरं ॲल्युमिनियम. टोकाच्या प्लगमधली एक तार तर हात लावताच तुटली. मग शुद्ध तांब्याची कॅट 5ई मागून घेतली, साधीच, आणि स्पीड लगेच 1000. गिगाबिटला 100 मीटरपर्यंत कॅट 5ई पुरते. डब्यावरच्या मोठ्या आकड्याला भुलू नका, दुकानातच एक तार खरवडून दाखवायला सांगा.

फायलींच्या नावांचाही त्रास झाला, तो थोडक्यात. बहीण मॅकवर फोल्डरला ‘अंक 2 कोर्ट सीन?’ अशी नावं द्यायची. विंडोजला नावात प्रश्नचिन्ह चालत नाही. आता तारीख, कॅमेरा, नंबर, बस. शिवाय एक्सफॅट एसएसडीवर मॅक डॉट-अंडरस्कोरने सुरू होणाऱ्या काही केबीच्या फायली सोडतो. त्या व्हिडिओ नसतात, पण नावाच्या शेवटी एमपी4 असल्यामुळे स्क्रिप्ट त्यांना व्हिडिओ समजते आणि एरर देते. तेवढ्या वगळायला सांगायचं.

आता ताकदीकडे येऊ. सगळ्यात जास्त फायदा प्रॉक्सींचा झाला. बहीण संध्याकाळी विचारते, “दादा, तुझ्या मशीनवर टाकू का आजचं?” आणि मी उठायच्या आत 1080पीच्या हलक्या कॉप्या तयार असतात. एफएफएमपेगची (व्हिडिओ रूपांतर करणारं सॉफ्टवेअर) छोटी स्क्रिप्ट आहे, एन्कोडिंग एनव्हिडियाच्या चिपवर. फ्रेम रेट, टाइमकोड आणि फाइलचं नाव मूळ फुटेजसारखंच ठेवायचं, म्हणजे दाविंची रिझॉल्व्ह या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रॉक्सी लिंक करताना कटकट होत नाही. 8 जीबीचा मॅक त्यावर दोन्ही कॅमेरे शेजारी-शेजारी आरामात चालवतो.

दोन्हीकडे रिझॉल्व्ह स्टुडिओ, म्हणजे त्याची विकतची आवृत्ती आहे. एक ॲक्टिव्हेशन की दोन मशीनवर चालते, त्यामुळे दुसरी घ्यावी लागली नाही. दोघांनाही तेच प्रोजेक्ट उघडता यावेत म्हणून प्रोजेक्ट सर्व्हर पीसीवर ठेवला आहे. मॅकला फुटेज ‘व्हॉल्यूम्स’खाली दिसतं आणि विंडोजला डी ड्राइव्हवर, मीडिया स्टोरेजच्या सेटिंगमध्ये मॅप्ड माउंट (त्याच फोल्डरचा दुसऱ्या मशीनवरचा पत्ता) भरलं नाही तर दुसऱ्या मशीनवर सगळ्या क्लिप लाल होऊन बसतात.

पण टाइमलाइनचा एक एक्सपोर्ट दोघांत वाटला जात नाही. रिमोट रेंडरनेही पूर्ण जॉब एकाच मशीनकडे जातो. एक पातेलं दोन चुलींवर ठेवता येत नाही. व्हिडिओत बऱ्याचशा फ्रेम आजूबाजूच्या फ्रेमच्या फरकाने साठवलेल्या असतात, त्यामुळे फाइल वाटेल तिथे तोडता येत नाही. कीफ्रेमवर (पूर्ण साठवलेली फ्रेम) तोडून दोन्हीकडे एन्कोड करून परत जोडता येते, तेही करून पाहिलं. पण एनव्हिडियाचा एन्कोडर वेगळा, ॲपलचा वेगळा. रंगमंचावर अंधार असला की सांध्याच्या जागी चित्राचा पोत बदललेला डोळ्यांना कळतो. मग सरळ अंकाप्रमाणे वाटणी केली. मंडळीवाल्यांनाही एकेक अंक वेगळा लागतोच. जड अंक पीसीला, हलका मॅकला.

खरी वाटणी जमली ती ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये. नाटकाच्या नावाचं थ्रीडी टायटल असतं. ते व्हिडिओ म्हणून न काढता पीएनजी फ्रेम म्हणून काढायचं, दोन्ही मशीनला एकच आउटपुट फोल्डर द्यायचा, ओव्हरराइट बंद आणि प्लेसहोल्डर चालू. पीसी पहिली फ्रेम घेतो, तिच्या नावाची रिकामी फाइल तयार होते, मॅक ती पाहून पुढची घेतो. कुठलाही सर्व्हर नको. वेगवान मशीन आपोआप जास्त फ्रेम काढते. व्हर्जन दोन्हीकडे एकच पाहिजे, टेक्स्चर (पृष्ठभागावरची चित्रं) फाइलमध्येच पॅक केलेले पाहिजेत, आणि चित्रातले दाणे काढणारा डीनॉइजर दोन्हीकडे ओपनइमेजडीनॉइज. एकीकडे एनव्हिडियाचा ऑप्टिक्स आणि एकीकडे दुसरा ठेवला तर टायटल थरथरतं.

फॉन्टचंही सांगायलाच हवं. मॅकमध्ये कोहिनूर देवनागरी आहे, विंडोजमध्ये निर्मला आणि मंगल. एकीकडे बनवलेलं टायटल दुसरीकडे उघडलं की फॉन्ट बदलतो, ओळीची लांबी बदलते, आणि कलाकाराचं आडनाव फ्रेमबाहेर जातं. मुक्त आणि बलू हे दोन्ही फॉन्ट मोफत आहेत, तेच दोन्हीकडे टाकले.

लाइन जाते तेव्हा यूपीएसवर पीसी असून भागत नाही, राउटर आणि स्विचही त्यावरच हवेत. नाहीतर मशीन चालू आणि कॉपी तुटलेली. मोठी कॉपी मी रोबोकॉपी या विंडोजच्या कमांडच्या झेड पर्यायाने करतो, तुटली तर तिथूनच पुढे सुरू होते. बिलाचं म्हणाल तर लोडवर पीसी 300 वॅट धरला तर आठ तासांचे अडीच युनिटच्या आसपास. मॅक मिनी पूर्ण जोरात असला तरी 39 वॅट, म्हणून रात्रभर नुसतं अपलोड असलं तर ते मॅकला. डिसेंबरात पीसीची ऊब खोलीत बरीच वाटते. मे महिन्यात पारा 45 च्या पुढे गेला की दिवसा त्या खोलीत रेंडर लावायचा विचारही करू नका, आणि पीसी कूलरच्या झोतात तर ठेवूच नका. दमट हवा आणि धूळ दोन्ही आत जातात. आईची तक्रार वेगळी: “हा डबा रात्रभर काय घरघर करून राहिला?”

बहीण सध्या 2.5 गिगाबिटच्या मागे लागली आहे. त्यासाठी स्विच नवीन लागेल, आणि तिच्या मॅकचा पोर्ट गिगाबिटच असल्याने यूएसबी ॲडॉप्टरही. जुनं फुटेज ज्या हार्ड डिस्कवर आहे, तिचा स्वतःचा वेगच सेकंदाला दीडशे एमबीच्या आसपास. माझं म्हणणं, त्याच पैशात बॅकअपसाठी दुसरी डिस्क घेऊ. अजून एकमत झालेलं नाही.