कंटेनरातलं सायकलचं दुकान, ओहांग्वेना

नामिबियाच्या उत्तर टोकाला, अंगोलाच्या सीमेलगतच्या ओहांग्वेना भागात मी दोन वर्षं फिजिओथेरपिस्ट म्हणून काम केलं. तिथल्या एका सायकलच्या दुकानाबद्दल लिहायचं कधीपासून मनात होतं. दुकान म्हणजे चाळीस फुटी लोखंडी कंटेनर. युरोपातल्या जुन्या सायकली भरून तो वॉल्व्हिस बे बंदरात उतरला, तिथून ट्रकवर उत्तरेला आला. माल उतरवल्यावर एका बाजूचा पत्रा कापून दार-खिडकी काढली, आत फळ्या ठोकल्या, बाहेर सावलीला छप्पर टाकलं. दुकान गावातल्या आरोग्य स्वयंसेविकांच्या गटाचं आहे आणि विक्रीतून उरतात ते पैसे त्यांच्याच कामाला लागतात.

सायकलीचा आणि आरोग्याचा संबंध काय, हे तिथलं अंतर पाहिल्याशिवाय कळत नाही. देशाचं क्षेत्रफळ सव्वाआठ लाख चौरस किलोमीटर आणि माणसं ३० लाखांच्या आसपास. उत्तरेत त्या मानाने वस्ती दाट, तरी घरं बाजरीच्या शेतांमध्ये विखुरलेली. (तिथे बाजरीला महांगू म्हणतात.) माझा एक पेशंट, अर्धांगवायू झालेले एक ताते, आमच्या क्लिनिकपासून नऊ किलोमीटरवर राहायचे. ताते म्हणजे बाबा. वयाने मोठ्या पुरुषाला तिथे असंच म्हणतात, आणि बाईला मेमे. त्यांच्याकडे चालत जायला दोन तास, यायला दोन तास. म्हणजे एका पेशंटमागे दिवस गेला. आमच्याबरोबरच्या स्वयंसेविका अशाच पायी टीबीच्या गोळ्या समोर बसून घ्यायला लावायच्या, एचआयव्हीची औषधं कुणाची चुकली ते बघायच्या, अंथरुणाला खिळलेल्यांच्या जखमा धुवायच्या. सायकल आल्यावर तेच नऊ किलोमीटर पाऊण तासावर आले. ताते आठवड्यातून एकदा दिसायचे ते तीनदा दिसू लागले, आणि चौथ्या महिन्यात काठी धरून कुंपणापर्यंत आले.

मी दुकानात गेले तेव्हा माझी नजर एका नाजूक, बारीक टायरच्या निळ्या सायकलीवर होती. दुकान सांभाळणारी मुलगी विशीतली. तिने किंमत सांगण्याआधी विचारलं, "मेमे, तुम्ही कुठल्या वाटेने जाणार?" मी वाट सांगितल्यावर तिने निळी सायकल बाजूला केली. वाळूत बारीक टायर सुरीसारखा रुततो, आणि तिच्या मापाची ट्यूब ओंडांग्वा शहरापर्यंत शोधूनही मिळत नाही, असं तिने समजावलं. मग मागच्या रांगेतून एक जाड स्टीलच्या फ्रेमची, २६ इंची चाकांची जुनी माउंटन बाइक ओढून काढली. रंग उडालेला, पण फ्रेमला कुठे तडा नाही. दांडीच्या दोन्ही बाजूंना पाय टेकवून मला उभं केलं, उंची पाहिली आणि सीट खाली घेतली.

मग तिने पाना माझ्याच हातात दिला. कंटेनरात जास्त सायकली मावाव्यात म्हणून हँडल आडवं फिरवून आणि पॅडल काढून पाठवतात. अशा रीतीने एका कंटेनरात चारशेच्या वर सायकली बसतात. ती पॅडलं आता मला बसवायची होती. उजवं सरळ बसलं. डावं मी नेहमीच्या दिशेने फिरवायला लागले तशी तिने माझं मनगट धरलं. डाव्या पॅडलचे आटे उलटे असतात. जोर केला असता तर क्रँकचे, म्हणजे पॅडल ज्यात बसतं त्या दांड्याचे, आटे कायमचे गेले असते. तिने दोन बोटांनी पॅडल हलकेच उलटं फिरवून आट्यात धरवलं आणि पुन्हा पाना मला दिला. शेजारी रॉकेलच्या डब्यात कुणाच्या तरी मागच्या चाकाचे छर्रे बुडत होते. त्यांतले खराब झालेले ती एकेक उचलून उन्हात धरून बाजूला काढत होती. तासभर मी तिथेच बसून राहिले.

किंमत मला पूर्ण लावली, स्वयंसेविकांना हप्त्याने. काही जणांना हे खटकतं. देणगीत आलेली सायकल विकायची कशाला, असं विचारतात. माझं मत दुकानाच्या बाजूने आहे. विक्रीचा पैसा नसता तर त्या मुलीचा पगार कुठून निघाला असता, आणि ती नसती तर पहिल्या पावसाळ्यानंतर त्या सायकली घराच्या कुंपणाला टेकून गंजल्या असत्या. तिथले बाभळीच्या जातीचे काटे बोटभर लांब असतात. पहिल्या महिन्यात माझी ट्यूब सहा वेळा पंक्चर झाली. दुरुस्तीची सोय गावातच होती, म्हणून मी सायकल सोडून दिली नाही.

आता तक्रार. मी असताना दुसरा एक कंटेनर आला. पाठवणाऱ्या संस्थेचं नाव लिहीत नाही. उघडल्यावर पहिल्या रांगेत चांगल्या सायकली आणि मागे लहान मुलांच्या तीनचाकी, गंजून जाम झालेल्या चेनी, तेल गळणारे पुढचे शॉक्स, एकही जोडी जुळणार नाही अशी चाकं. बऱ्याच ट्यूबांना बारीक फ्रेंच व्हॉल्व्ह, ज्यावर गावातला एकही पंप बसत नाही. तो सगळा भंगार समुद्र ओलांडून आला, त्याचं भाडं कुणीतरी भरलं, आणि इथे तो टाकायलाही जागा नव्हती. मला मनापासून राग आला. ज्या सायकलीवर आपण स्वतः आपल्या आजारी आईकडे जाणार नाही, ती दुसऱ्याच्या आईसाठी पाठवू नये. दुकानातल्या मुलीने मात्र आठवडाभर बसून त्यातून आरे, सीटा, बेअरिंगं वेगळी काढली.

त्याच कंटेनरात काही जुन्या शहरी सायकली निघाल्या. पॅडल उलटं मारलं की मागचा ब्रेक लागतो, तशा. वायर नाही, रबर नाही, त्यामुळे वाळू जाऊन बिघडायला बाहेर काही नाही. स्वयंसेविकांनी आधी त्याच उचलल्या. जुन्या सायकली पाठवणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं: गिअर जितके कमी, तितकी सायकल तिथे जास्त टिकते.

दुकानाची दुसरी सेवा सायकल ॲम्ब्युलन्सची. दोन चाकांवर पाइपचा सांगाडा, त्यावर ताडपत्रीचं स्ट्रेचर आणि पातळ गादी, पुढचा दांडा सायकलीच्या सीटखाली अडकवायचा. आमच्या भागाला मिळाली ती उघडी होती. एका पहाटे कळा सुरू झालेल्या बाईने तिच्यावर झोपायला साफ नकार दिला. वाटेवरची सगळी घरं तिला त्या अवस्थेत बघणार होती. बरोबरच्या मेमेने काही न बोलता कमरेचं वरचं कापड सोडलं, दोन काठ्या बांधून आडोसा केला, तेव्हा ती चढली. मी मागून ढकलत होते. कच्चा रस्ता संपून खडीचा मोठा रस्ता लागला तिथे बक्की उभी होती (पिकअपला तिथे बक्की म्हणतात), तिने पुढे हॉस्पिटलला नेलं. मुलगी झाली, दोघी सुखरूप.

त्या आठवड्यात मी दुकानात जाऊन हे सांगितलं. चार दिवसांनी मोडक्या सायकलींचे पाइप वाकवून केलेली कमान आणि तिच्यावर शिवलेली जाड कापडाची कनात बसवून ॲम्ब्युलन्स परत आली. नंतरच्या महिन्यांत ती बाळंतपणासाठी मागायला लोक स्वतःहून येऊ लागले. ग्राहकाचं ऐकणं यापेक्षा वेगळं काय असतं मला माहीत नाही.

या ॲम्ब्युलन्सकडून जास्त अपेक्षा मात्र ठेवू नये. उशीर तीन ठिकाणी होतो: निघायचं ठरवताना, वाटेत, आणि दवाखान्यात पोचल्यावर. सायकल फक्त वाटेतला उशीर कमी करते, आणि तोही मोठ्या रस्त्यापर्यंतच. पूर्वेकडे वाळू इतकी खोल आहे की रिकामी सायकलही हातात धरून न्यावी लागते. पावसाळ्यात ओशाना, म्हणजे तिथले उथळ रुंद ओढे, भरले की मी सायकल खांद्यावर घेऊन गुडघाभर पाण्यातून गेले आहे. पेशंटला तसं नेता येत नाही.

नवी सायकल घ्यावी का, असं मला एकीने विचारलं होतं. वर्ल्ड बायसिकल रिलीफ ही संस्था २००५ पासून काम करते, आणि तिची बफेलो नावाची सायकल मुद्दाम अशा रस्त्यांसाठी बनवलेली आहे. मागचं कॅरिअर १०० किलो पेलतं, सगळ्या सायकली एकाच घडणीच्या, त्यामुळे एकीचा भाग दुसरीला लागतो. झांबियात आरोग्य स्वयंसेवकांना अशा हजारो सायकली दिल्या गेल्या. एकसारख्या सुट्या भागांचा हा फायदा जुन्या सायकलींच्या दुकानाला कधीच मिळणार नाही. आमच्या मुलीच्या फळीवर बेअरिंगचे इतके आकार होते की तिने पाठीमागे वही ठेवली होती, कुठल्या सायकलीला कुठलं लागतं त्याची. ज्या संस्थेला एकदम पाचशे स्वयंसेवकांसाठी सायकली हव्यात, तिने नव्या घ्याव्यात. एका गावाला स्वतःचं दुकान, दोन-तीन जणींना पगार आणि दारात दुरुस्ती हवी असेल, तर मी या कंटेनराचंच नाव सांगेन.

तिथे कामाला जाणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. सायकल निवडताना रंग बघू नका, २६ इंची चाक आणि साधा जाड व्हॉल्व्ह बघा. आणि बॅगेत कपडे कमी करून २६ इंची ट्यूबा आणि पंक्चरचं सोल्युशन न्या. सोल्युशनची ट्यूब उन्हाने महिन्याभरात वाळते, म्हणून जास्त न्या.

निघताना मी माझी सायकल दुकानालाच परत दिली. गेल्या महिन्यात तिचा फोटो आला. मागे नवं वेल्डिंग केलेलं कॅरिअर आहे, त्यावर औषधांची पेटी बांधलेली, आणि हँडल धरून उभी आहे ती मेमे, जिने त्या पहाटे अंगावरचं कापड सोडलं होतं. खाली दुकानातल्या मुलीने लिहिलंय की मागचा टायर बदलला, पॅडलं अजून मी बसवलेलीच आहेत.