गेमचा सातबारा पब्लिशरच्या नावावर करून देऊ नका

एकट्याने किंवा दोघातिघांत मिळून गेम बनवताय आणि स्टीमवर (कॉम्प्युटर गेम्सचं ऑनलाइन दुकान) टाकायच्या विचारात आहात, अशांसाठी लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या. मुख्य गोष्ट आधीच सांगते म्हणजे पुढचं नाही वाचलं तरी चालेल: पब्लिशर, म्हणजे गेम बाजारात आणून विकणारी कंपनी, कितीही चांगला वाटला तरी स्टीमवरची तुमच्या गेमची नोंद म्हणजे अ‍ॅप त्याच्या अकाउंटवर ट्रान्सफर करू नका. मी केलंय. गेम माझा, कोड माझा, चित्रं माझी, आणि आज तो किती खपला हे मला दुसऱ्याला मेल करून विचारावं लागतं, आणि उत्तर येईलच असंही नाही. गेमचं आणि कंपनीचं नाव देत नाहीये, प्रकरण वकिलांकडे आहे.

मी पुण्यात एका आउटसोर्सिंग स्टुडिओत होते, म्हणजे बाहेरच्या मोठ्या गेम्ससाठी खुर्च्या, पिंपं, दगड, दरवाजे असलं मॉडेलिंग. पगार बरा होता पण क्रेडिट्समधे नाव सुद्धा येईलच याची खात्री नाही. नोकरी सोडून स्वतःचा गेम करायला घेतला, जुन्या वाड्यातला पझल गेम, खोल्या सरकतात, जिने फिरतात, माजघरातून निघालात की परसात न जाता माळ्यावर पोचता, असा. त्या काळात इथल्या आम्हा सगळ्यांच्या डोक्यात 'राजी' होता. पुण्यातल्या नॉडिंग हेड्सचा गेम, 2017 ला किकस्टार्टर (लोकांकडून आगाऊ पैसे जमवायची साइट) फसलं तरी टीम टिकून राहिली आणि ऑगस्ट 2020 मधे तो आधी निन्टेन्डोच्या स्विच या गेमिंग कन्सोलवर आला. त्यामुळे 'स्विच' हा शब्द कोणी उच्चारला की आम्ही विरघळायचो, हे पब्लिशर लोकांना बरोब्बर माहीत असतं.

स्टीमवर स्वतः गेम टाकणं तसं अवघड नाही हो. 100 डॉलर फी, ती पण गेमने 1,000 डॉलरची कमाई केली की परत मिळते. विक्रीतले 30 टक्के स्टीमचे. टॅक्सचा ऑनलाइन फॉर्म असतो, त्यात पॅन नंबर दिला आणि भारत-अमेरिका कराराचा फायदा घेतला की अमेरिकेतल्या विक्रीवर 30 ऐवजी 15 टक्के कापतात. महिन्याचे पैसे पुढच्या महिन्याच्या शेवटी बँकेत. बँकवाले पर्पज कोड (परदेशातून आलेला पैसा कशाचा ते सांगणारा कोड) विचारतात, एकदा सांगितला की झालं. हे सगळं मी आधीच केलेलं होतं, पान माझ्या नावावर उघडलेलं होतं, विशलिस्ट (गेम आला की कळवा म्हणून लोकांनी करून ठेवलेली नोंद) जमत होत्या. हे एवढ्यासाठी सांगतेय की पुढे ज्या 'कटकटींपासून' मला वाचवायला लोक आले त्या कटकटी अशा होत्या.

मग नेक्स्ट फेस्टमधे डेमो टाकला. हा स्टीमचा डेमोंचा आठवडा, वर्षातून तीनदा होतो आणि एका गेमला एकदाच भाग घेता येतो. डेमो बरा चालला, गेमला किती लोक फॉलो करतात हा आकडा सगळ्यांना दिसतो, तो वाढायला लागला आणि दोनच दिवसात इनबॉक्स भरून वाहायला लागला. त्यातले निम्मे चोर. "मी अमुक यूट्यूबर, व्हिडिओ करायचाय, चार कीज पाठवा, एक माझ्यासाठी बाकी गिव्हअवेला." ईमेल पत्ता खऱ्या यूट्यूबरच्या पत्त्यासारखाच, फक्त एक अक्षर इकडचं तिकडे. की म्हणजे एक कोड, तो स्टीमवर टाकला की गेम फुकट मिळतो, हे लोक तो घेतात आणि की विकणाऱ्या साइटवर अर्ध्या किमतीत काढतात. छोट्या लोकांनाच होतं असं नाही, 'फॅक्टोरियो' बनवणाऱ्या वुबे या चेक कंपनीच्या चोरीच्या कीज जीटूए या असल्याच साइटवर विकल्या गेल्या होत्या, 2020 मधे जीटूएने 198 कीजचं मान्य करून त्यांना 39,600 डॉलर दिले. वुबेला मिळाले, तुम्हाआम्हाला कोण देतंय. असले मेल आले की यूट्यूब चॅनेलच्या माहितीत दिलेल्या पत्त्यावर आपण स्वतः मेल टाकून विचारायचं, आणि कोणी क्युरेटर (स्टीमवर गेम्सची शिफारस करणारा) म्हणवत असेल तर स्टीमच्याच क्युरेटर कनेक्टमधून कॉपी पाठवायची, त्यात की हातात द्यावीच लागत नाही.

हे मला सगळं ठाऊक होतं, एकही की गेली नाही. गंमत बघा, चार कीज मागणाऱ्या भुरट्यांसाठी मी दाराला कडी घालून बसले होते आणि अख्खा वाडा घेऊन जाणारा माणूस कॅमेरा चालू करून, नाव सांगून, कॉन्ट्रॅक्ट पाठवून आला.

कंपनी खरी होती. युरोपातली, वीसेक गेम्स काढलेली, वेबसाइट वगैरे व्यवस्थित. कॉलवर आलेल्या माणसाने माझा डेमो खरंच खेळला होता, माळ्यावरच्या पझलमधला एक बग त्याने दाखवला जो मलाही सापडला नव्हता. अशा माणसावर संशय कसा घ्यायचा सांगा. ऑफर अशी: 15,000 डॉलर अ‍ॅडव्हान्स तीन हप्त्यात, मार्केटिंग त्यांचं, स्विच पोर्ट (गेम स्विचवर चालेल असा करून देणं) त्यांचा, टेस्टिंग आणि भाषांतरं त्यांची, नंतर विक्रीत निम्मे निम्मे. आणि "अमेरिकन टॅक्स, रिपोर्ट, सगळी डोकेदुखी आमच्याकडे, त्यासाठी फक्त अ‍ॅप आमच्या अकाउंटला ट्रान्सफर करा, ही रुटीन प्रोसेस आहे."

रुटीन आहेच, काही बटणांचं काम. पण ट्रान्सफर म्हणजे गेमच्या सातबाऱ्यावरचं नाव बदलणं. त्यानंतर स्टीम पैसे त्यांना देतं, विक्रीचे आकडे त्यांना दिसतात, किंमत आणि सेल ते ठरवतात, कीज ते काढतात, आणि तुम्ही जमवलेल्या विशलिस्ट सुद्धा त्या अ‍ॅपबरोबर जातात. करारात 'कॉपीराइट डेव्हलपरकडेच राहील' असं ठळक लिहिलेलं होतं आणि ते खोटं नव्हतं. कागदावर मालक मीच होते, फक्त वहिवाट त्यांची.

पहिला हप्ता आला, 5,000 डॉलर, घरी पेढे वाटले. दुसरा हप्ता माइलस्टोन, म्हणजे कामाचा ठरलेला टप्पा, 'मंजूर' झाल्यावर मिळणार होता आणि मंजूर कधी म्हणायचं हे करारानुसार सर्वस्वी त्यांच्या मर्जीवर. मी बिल्ड (गेमची तयार आवृत्ती) पाठवायची, ते दहा बदल सांगायचे, ते केले की अजून सहा, मधेच कंट्रोलर सपोर्ट, मधेच मेनू नवीन, आणि प्रत्येक मेल इतका प्रेमळ की भांडायला जागाच नाही. तोवर रिलीजची तारीख जाहीर झाली, मी काम थांबवलं तर नुकसान माझंच. दुसरा हप्ता आजतागायत आलेला नाही, तिसऱ्याचं नावच सोडा. स्विच पोर्ट 'पाइपलाइनमधे' आहे.

गेम आला, बरा चालला असं मला वाटलं, वाटलं म्हणजे अंदाजच कारण आकडे बघायची परवानगी नव्हती. स्टीमवर पब्लिशर मनात आणलं तर डेव्हलपरच्या लॉगिनला विक्रीचे आकडे बघायचा अ‍ॅक्सेस देऊ शकतो, ती एक सेटिंग आहे. मी मागितला तर "आमच्या पॉलिसीत नाही, तिमाही स्टेटमेंट मिळेल." स्टेटमेंट आलं एका पानाचं पीडीएफ. वर विक्री, त्यातून स्टीमचा वाटा, रिफंड, टॅक्स वजा, इथवर ठीक, आणि मग 'मार्केटिंग व इतर खर्च 22,000 डॉलर'. कशाचे? कळायला मार्ग नाही. करारात त्यांचा खर्च आधी वसूल होणार असं होतं पण खर्चाला वरची मर्यादाच नव्हती, आणि माझा अ‍ॅडव्हान्स पण त्याच वसुलीत. म्हणजे गेम विकत राहतो आणि कंपनीच्या हिशोबात मीच देणं लागते. माझी मावसबहीण सीए आहे, तिने ते पान बघून एवढंच म्हटलं, "ताई, हे स्टेटमेंट नाहीये, हे पत्र आहे."

खरा प्रकार कळला तो एका खेळाडूमुळे. त्याने मेल केला की तुझा गेम मला बंडलमधे (अनेक गेम्स एकत्र स्वस्तात विकतात ते) मिळाला, आवडला, दुसरा भाग कधी. कुठलं बंडल? मी कुठे दिलाय बंडलमधे? मग रिव्ह्यू बघायला बसले. स्टीमवर रिव्ह्यूंना खरेदीच्या प्रकाराचा फिल्टर असतो, स्टीमवरून विकत घेतलेले वेगळे आणि बाहेरून की टाकून आलेले वेगळे (की वाल्यांचे रिव्ह्यू 2016 पासून स्कोअरमधे धरत नाहीत, त्यामुळे वरवर बघून कळत नाही). एका ठराविक आठवड्यापासून की वाल्यांचे रिव्ह्यू धो धो वाढलेले, स्टीमवाल्यांचे जवळपास थांबलेले. म्हणजे ढिगाने कीज काढून बाहेर विकल्या गेल्या होत्या. बाहेर विकलेल्या कीचा पैसा स्टीमच्या हिशोबात येतच नाही, तो थेट कंपनीच्या खिशात. विचारल्यावर त्यांनी करारातलं कलम दाखवलं: 'प्रमोशनल युनिट्स' वर हिस्सा देय नाही. आणि बंडल म्हणजे त्यांच्या मते प्रमोशन.

म्हणून म्हणते, यात कोणी पासवर्ड चोरला नाही की खोटी सही केली नाही, सगळं कलमांमधे बसवलेलं होतं. हिशोब तपासायचा हक्क आहे, पण वर्षातून एकदा, त्यांच्या शहरात, तिथला ऑडिटर लावून, माझ्या खर्चाने. वाद झाला तर लवाद पण तिथेच. वकिलांनी जो खर्चाचा अंदाज सांगितला तो माझ्या दोन्ही राहिलेल्या हप्त्यांपेक्षा जास्त आहे. आपल्या कॉपीराइट कायद्यात हक्क देताना मुदत लिहिलेली नसेल तर ती 5 वर्षं धरतात, पण माझ्या करारात 'कायमस्वरूपी, जगभर' असं व्यवस्थित लिहिलंय आणि कायदा पण तिकडचा लावलाय.

नंतर मी त्यांच्या जुन्या गेम्सच्या स्टोअर पेजवरून डेव्हलपर शोधून मेल केले. एक पोलंडचा, एक ब्राझीलचा, दोघांची कथा माझीच, माइलस्टोनचे शब्द सुद्धा तेच. सहीच्या आधी हे मेल करायला एक संध्याकाळ पुरते. दोनतीन वर्षं जुन्या गेम्सच्या लोकांना विचारा, नवीन वाल्यांना नको, ते अजून पेढे वाटण्याच्या स्टेजला असतात.

आणि करार वाचायचा कसा हे कळत नसेल तर रॉ फ्युरी या स्वीडिश पब्लिशरने 2021 मधे स्वतःच्या कराराचा मसुदा सगळ्यांना वाचायला खुला केलाय, तो शेजारी उघडून ताडून बघा. अ‍ॅप तुमच्याच अकाउंटवर राहूनही पब्लिशरला हवी ती परवानगी देता येते, पैसे तुमच्याकडे येऊन तुम्ही त्यांचा वाटा द्यायचा अशीही रचना करता येते, त्याला नाही म्हणणाऱ्याला का नाही ते लेखी विचारा. अगदीच ट्रान्सफर करायचं तर आकडे बघायचा अ‍ॅक्सेस, खर्चाची कमाल मर्यादा, किती कीज काढणार आणि कुठे विकणार याला तुमची लेखी संमती, आणि हप्ता चुकला तर ठराविक दिवसात अ‍ॅप परत, हे आकड्यांसकट लिहून घ्या. 'वाजवी प्रयत्न करू' असलं वाक्य मार्केटिंगच्या कलमात दिसलं की ते काहीही न करायचं कलम समजा.

आमच्या नोटिशीला मागच्या महिन्यात उत्तर आलं. गेम परत हवा असेल तर न वसूल झालेला खर्च मी भरावा, तो भरला की अ‍ॅप लगेच ट्रान्सफर करतील, रुटीन प्रोसेस आहे. त्याला उत्तर अजून दिलेलं नाही, वकील म्हणतायत त्या 22,000 ची बिलं आधी मागू.