स्वयंसेवक का येतात आणि का टिकतात: साथीच्या काळात व्हीएफआय प्रश्नावली कितपत कामाची?

साथ सुरू झाली की पहिल्या आठवड्यात मदतीला येणाऱ्यांची नावं वहीत मावत नाहीत, आणि सहाव्या आठवड्यात पाळीला माणूस मिळत नाही. मधे काय घडलं असं विचारलं, तर बहुतेक ठिकाणी 'उत्साह ओसरला' एवढंच ऐकू येतं. व्हॉलंटिअर फंक्शन्स इन्व्हेंटरी, थोडक्यात व्हीएफआय, ही प्रश्नावली या उत्तरावर थांबू देत नाही. क्लॅरी, स्नायडर हे मानसशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये ती प्रसिद्ध केली. ती साथीसाठी बनवलेली नाही आणि वापरताना हे जाणवतं. तरीही स्वयंसेवकांना कामं वाटून देणाऱ्याकडे ती असावी, असं आमचं ठाम मत आहे. मात्र काही दुरुस्त्या करूनच वापरावी.

प्रश्नावलीत ३० विधानं आहेत. प्रत्येक विधान आपल्याला किती लागू पडतं किंवा किती महत्त्वाचं वाटतं, ते १ ते ७ मध्ये सांगायचं. विधानं सहा प्रेरणांची, प्रत्येकी पाच: मूल्य (दुसऱ्याविषयी कळकळ), समज (शिकण्याची ओढ), सामाजिक (जवळची माणसं हे काम करतात, त्याला मान देतात), करिअर, आत्मसन्मान, आणि सहावी म्हणजे मनावरचं ओझं हलकं करणं: अपराधीपणा, एकटेपणा, स्वतःच्या अडचणींपासून थोडी सुटका. भरायला दहा-पंधरा मिनिटं पुरतात. सगळी विधानं मूळ लेखातच छापलेली आहेत, आणि हिशेबाला साधी स्प्रेडशीट चालते.

विधानं मुद्दाम मिसळलेली असल्याने गुण जुळवताना क्रमांक चुकतात, म्हणून ते इथे देतो. करिअर: १, १०, १५, २१, २८. सामाजिक: २, ४, ६, १७, २३. मूल्य: ३, ८, १६, १९, २२. आत्मसन्मान: ५, १३, २६, २७, २९. ओझं: ७, ९, ११, २०, २४. समज: १२, १४, १८, २५, ३०. पाचांची बेरीज न घेता सरासरी घ्या. एखादं उत्तर सुटलं असेल तर उरलेल्या चारांची सरासरी चालते. दोन सुटली असतील तर त्या माणसापुरती ती प्रेरणा सोडून द्या.

मूळ अभ्यासात सहाही प्रेरणांच्या मोजपट्ट्यांचा अल्फा (विधानं एकमेकांशी किती जुळतात ते सांगणारा आकडा, १ च्या जितका जवळ तितका चांगला) ०.८० ते ०.८९ होता, म्हणजे पाच विधानं एकाच गोष्टीकडे बोट दाखवतात असं मानायला हरकत नाही. महिन्याने पुन्हा भरून घेतल्यावर मात्र दोन वेळच्या गुणांचा सहसंबंध (१ म्हणजे पूर्ण मेळ) मूल्याला ०.७८ आणि ओझ्याला ०.६४ निघाला. यात चूक शोधू नये. अपराधीपणा आणि एकटेपणा खरंच महिन्याभरात बदलतात, साथीत तर लवकरच. त्यामुळे एकदा भरून घेतलेला फॉर्म वर्षभर चालवणं योग्य नाही. पहिल्या पाळीच्या आधी एकदा आणि सहा-आठ आठवड्यांनी पुन्हा, इतकं तरी करावं.

सगळ्यात मोठी चूक वेळेची होते. ही प्रश्नावली नावनोंदणीच्या अर्जालाच जोडली, की भरणाऱ्याला ती निवडीची परीक्षा वाटते. मग मूल्याच्या पाचही विधानांना ७ आणि करिअरला १, असे फॉर्म येतात आणि त्यातून काहीच कळत नाही. आधी निवड झाल्याचं सांगा, मग फॉर्म द्या, आणि वरच ठळक लिहा की या उत्तरांवरून कोणालाही काढलं जाणार नाही. आणि खरंच काढू नका.

एवढं करूनही साथीत मूल्याचे गुण छताला टेकलेलेच असतात. आजूबाजूला माणसं आजारी पडत असताना 'गरजूंची कणव वाटते' याला कोण ३ देईल? म्हणून आकडे एकमेकांच्या तुलनेत वाचावेत. समजा एकीचे गुण असे: मूल्य ६.८, समज ६.२, ओझं ५.०, आत्मसन्मान ५.०, सामाजिक ४.०, करिअर ३.०. तिची स्वतःची सरासरी ५.० येते. ती वजा केली की मूल्य १.८ ने वर, समज १.२ ने वर, करिअर २.० ने खाली. मूल्य जवळजवळ सगळ्यांचंच वर असतं, तेव्हा कामाची खूण दुसऱ्या क्रमांकावर सापडते. हिला शिकायचंय. दोन प्रेरणांमधलं अंतर एकापेक्षा कमी असेल, तर एका माणसाबाबत त्यावरून काही ठरवू नये.

आता मुख्य गोष्ट. स्नायडर यांनी ओमोटो यांच्यासोबत ११६ एड्स-स्वयंसेवकांचा अभ्यास केला. तो १९९५ मध्ये आला. त्या साथीत रुग्णाशेजारी बसणं म्हणजे समाजाचा रोष ओढवून घेणं होतं. अशा कामात परोपकाराची भावना तीव्र असलेले सर्वांत जास्त टिकतील, असं कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात जास्त काळ टिकण्याचा संबंध दिसला तो समज, स्वतःची वाढ आणि आत्मसन्मान या 'स्वतःसाठीच्या' प्रेरणांशी, शिवाय कामातल्या समाधानाशी. आमच्या मते कारण सरळ आहे. रुग्ण दगावला, लोक वाईट वागले, तरी शिकायला मिळालेलं हातात उरतं. 'मी जग बदलायला आलो' म्हणणाऱ्याच्या हातात त्या दिवशी काहीच उरत नाही. 'मला यातून काय मिळेल' हे लाज न वाटता सांगायला जागा देणं, हा व्हीएफआयचा खरा गुण. असं उत्तर देणाऱ्याकडे संशयाने बघणारा संयोजक आपली टिकणारी माणसंच गमावतो.

गुण कळले की काम त्यांच्याशी जुळवायचं. समज वर असलेल्यांना संपर्कशोधाचं (रुग्णाच्या संपर्कात आलेल्यांना शोधण्याचं) प्रशिक्षण आणि दर दोन आठवड्यांनी नवी जबाबदारी द्या. करिअरवाल्यांना नोंदी, साठा, वाहतुकीचं नियोजन, आणि केलेले तास व काम स्पष्ट लिहिलेलं प्रमाणपत्र. सामाजिक गुण वर असतील तर माणसाला एकटं पाठवू नका, जोडी द्या. आत्मसन्मानाला नाव घेऊन, त्याच दिवशी, नेमक्या कामाबद्दल मानलेले आभार लागतात; सरसकट पाठवलेला संदेश तिथे निकामी. ओझं वर असलेल्यांची काळजी घ्यावी लागते. ही माणसं नाही म्हणत नाहीत, सुट्टी घेत नाहीत, आणि एकाकी रुग्णांना फोन करायचं काम आपणहून मागतात. त्यांच्या पाळीला तासांची मर्यादा आणि आठवड्यातून एकदा कोणाशी तरी मोकळं बोलणं, दोन्ही बांधूनच द्या.

हे सगळं द्यायला काम असेल तरच. इंग्लंडमध्ये मार्च २०२० मध्ये अडीच लाख स्वयंसेवकांसाठी आवाहन झालं, काही दिवसांत साडेसात लाख अर्ज आले आणि नोंदणी थांबवावी लागली. पुढे कितीतरी जणांना बरेच दिवस एकही काम मिळालं नाही. तिथे प्रेरणेची उणीव नव्हतीच. फोन वाजत नसेल तर अशी प्रश्नावली भरून घेणं म्हणजे माणसाच्या अपेक्षा उगाच वाढवणं.

उणिवा आता. कर्तव्य म्हणून आलेला माणूस, आपली गल्ली आपणच सांभाळायची म्हणून उतरलेला माणूस, या दोघांना तीस विधानांत नीट जागा नाही. ओमोटो आणि स्नायडर यांच्या एड्ससाठीच्या २५ विधानांच्या मोजपट्टीत 'समुदायाची काळजी' ही वेगळी प्रेरणा होती. साथीसाठी निवडायचं झालं तर त्या बाबतीत ती सरस. भीतीबद्दल व्हीएफआयमध्ये एकही प्रश्न नाही. घरात वृद्ध किंवा गरोदर कोणी आहे का, सुरक्षा साधनं मिळतील यावर विश्वास आहे का, घरच्यांचा विरोध आहे का, हे वेगळ्या कागदावर विचारा आणि गुणांत मिसळू नका. २०१४ ते २०१६ च्या इबोला साथीत पश्चिम आफ्रिकेत सुरक्षित दफन करणाऱ्या पथकांतल्या माणसांना त्यांच्याच वस्त्यांत वाळीत टाकल्यासारखं वागवलं गेलं. असं काम पेलतं ते साधनं, सराव, वेळेवर मिळणारा भत्ता आणि वस्तीशी आधी केलेली बोलणी यांच्या बळावर. मूल्याचे गुण ७ आहेत म्हणून कोणाला धोक्याच्या कामावर पाठवणं हा या प्रश्नावलीचा गैरवापर आहे.

सामाजिक प्रेरणेची विधानं टाळेबंदीत फसतात. मित्र घरात कोंडलेले असताना 'माझे मित्र स्वयंसेवा करतात' याला कमी गुण मिळणारच. त्यावरून माणूस एकलकोंडा ठरत नाही.

भाषांतर घाईत करू नका. एकाने मराठीत आणावं, मूळ न पाहिलेल्या दुसऱ्याने ते परत इंग्रजीत न्यावं, आणि दहा जणांकडून भरून घेऊन अडखळणारी वाक्यं सुधारावीत. सहाव्या प्रेरणेचं मूळ नाव 'प्रोटेक्टिव्ह' आहे. त्याचं 'संरक्षण' केलं, तर अहवाल वाचणारा मास्क आणि हातमोज्यांची मागणी समजून बसतो. करिअरची विधानं साथीत काहींना खटकतात, पण ती गाळू नका, तिथेच तर मोकळं उत्तर मिळतं.

भरलेल्या फॉर्मवर नाव नको, क्रमांक टाका. क्रमांक आणि नावांची यादी एकाच व्यक्तीकडे, वेगळ्या फाइलमध्ये ठेवा. अपराधीपणाची आणि एकटेपणाची उत्तरं पथकप्रमुखालाही दाखवू नका. त्याला फक्त कोणतं काम द्यायचं एवढं कळवा.