‘राजा’ म्हणून गळ्यात मारलेली घटपर्णी

इन्स्टाग्रामवर दुर्मिळ झाडं विकणाऱ्या एकाने मला साडेचार हजारांना गंडवलं. पैसे गेले ते गेले. पण तोच फोटो आणि तेच वर्णन आता घोडबंदर रोडवरच्या सोसायट्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरतंय, म्हणून हे लिहितोय.

जाहिरात अशी होती: ‘नेपेंथिस राजा, बोर्निओची घटपर्णी. ऊन लागत नाही, एसीच्या खोलीत ठेवा, घरातले डास खाऊन टाकते.’ घटपर्णी म्हणजे पानाच्या टोकाशी लटकणाऱ्या कलशात किडे पकडून पचवणारं झाड. जाहिरातीतली एकही गोष्ट खरी निघाली नाही.

झाड ठाणे स्टेशनला सॅटिस पुलाखाली ताब्यात मिळालं. पैसे यूपीआयने, बिल नाही. वर जांभळ्या प्रकाशाचा ‘ग्रो लाइट’ही घ्यायला लावला. झाडाला लालसर कलश लटकत होते, दिसायला छान. एसीच्या खोलीत ते झाकणाकडून वाळत खाली आले. नवी पानं यायची, पानाच्या टोकाची शेपटी लांबायची आणि तशीच सुकायची, कलश धरायचाच नाही. विक्रेत्याला फोटो पाठवले. ‘पाणी जास्त झालं, साहेब.’ पुढच्या खेपेला ‘पाणी कमी पडलं.’ मग निळ्या टिका दिसायच्या, उत्तर नाही.

येऊरच्या पायथ्याशी एक नर्सरीवाले काका आहेत. त्यांनी कुंडीकडे न बघता आधी पान उलटं केलं. वाढलेल्या राजाची शेपटी पानाच्या अगदी टोकातून निघत नाही. टोकाच्या जरा अलीकडे, पानाच्या खालच्या बाजूने निघते. माझ्या झाडाची सरळ टोकातून होती, आणि झाड वेलासारखं वर चढायला लागलेलं, म्हणजे ‘अजून पिल्लू आहे’ ही सबबही चालणार नव्हती. काका म्हणाले, ‘व्हेंट्राटा आहे हो, संकरित. माझ्याकडे पाचशेला मिळतं.’

खरा राजा इथे जगलाही नसता. तो बोर्निओतल्या किनाबालू आणि शेजारच्या तांबुयुकोन डोंगरावर, साधारण 1500 ते 2650 मीटर उंचीवर वाढतो. त्याला रात्री 10 ते 15 अंशांचा गारवा लागतो. आपल्याकडे मे महिन्यात रात्रीसुद्धा पारा 26-27 च्या खाली येत नाही. एसीने खोली गार होते, पण हवा कोरडी पडते आणि कलशांना हवा दमट लागते. शिवाय राजा साइट्सच्या, म्हणजे दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध घालणाऱ्या कराराच्या, पहिल्या परिशिष्टात आहे. कागदपत्रांशिवाय कोणी विकत असेल तर एक तर झाड खोटं, नाहीतर धंदा बेकायदा.

‘ऊन नको’ ही थाप सगळ्यात महागात पडते. उजेड कमी पडला की घटपर्णी पानं काढत राहते, कलश काढत नाही. माझं व्हेंट्राटा आता पूर्वेच्या ग्रिलमध्ये आहे. सकाळचं कोवळं ऊन, दुपारी जाळीची सावली. पावसाळ्यात कलश धरायला लागले. बाल्कनी नसेल तर 6500 केल्व्हिनची साधी पांढरी एलईडी झाडापासून फूटभरावर बारा तास लावली तरी भागतं. तो जांभळा दिवा खोलीचा डान्सबार करण्यापलीकडे काही करत नव्हता.

आणि डास? कलशात पडतात त्या मुख्यतः मुंग्या. उलट काही डासांच्या अळ्या कलशातल्या पाण्यातच वाढतात; राजाच्या कलशात सापडलेल्या एका डासाचं नाव क्युलेक्स राजा असंच आहे.

पैसे देण्याआधी पानाच्या खालच्या बाजूचा फोटो मागा आणि बिल मागा. मी ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 वर तक्रार केली, पण बिल नसल्यामुळे हातात फक्त यूपीआयची पावती आणि चॅटचे स्क्रीनशॉट आहेत.

दरम्यान त्या विक्रेत्याने ‘निळ्या घटपर्णीच्या बिया’ विकायला काढल्या आहेत. निळी घटपर्णी नसतेच, आणि हिची बी केसासारखी बारीक, लांबट असते. आमच्या मजल्यावरच्या काकूंना आलेल्या पाकिटात गोलसर काळे दाणे होते. पाण्यात टाकल्यावर दोन मिनिटांत फुगले. सब्जा! वीस दाण्यांचे दोनशे नव्वद रुपये.