खिशातला चाकू कोणता घ्यावा: लाल, लाकडी, पक्कडवाला की साधा कटर?

गेल्या मे महिन्यात ठाण्याहून चुलतभावाचा फोन आला, गणपतीला येताना अण्णांसाठी एक चांगला खिशातला चाकू आणायचाय, कुठला आणू सांग. मी म्हटलं अरे अण्णांच्या कमरेला आकडी, आकडीत कोयती, घरात विळी, पानाच्या डब्यात अडकित्ता, त्यांना आणखी चाकू कशाला? तर म्हणे, "परवा व्हिडिओ कॉलवर बघितलं मी, कुरियरचा खोका दाताने फोडत होते." आता याच्यावर काय बोलणार. मग मी माझ्याकडचे सगळे चाकू पडवीत मांडून बसलो आणि त्याला जे सांगितलं तेच इथे जरा सविस्तर लिहितोय, कारण हाच प्रश्न मला अजून दोघा-तिघांनी विचारलाय.

आधी एक गोष्ट क्लिअर करूया. कोकणातल्या घरात निम्मं कापायचं काम खिशातल्या चाकूचं नाहीच. शहाळं, नारळ, लाकडं, झावळ्या ही कोयतीची कामं. मासे विळीवरच, कारण विळी पायाखाली दाबली की दोन्ही हात बांगड्याला मोकळे राहतात, आणि घडीच्या चाकूने मासे केलेत तर खवलं आणि रक्त सांध्यात जाऊन बसतं, दोन दिवसांनी खिसा काय वास मारतो ते बायकोला विचारा. आणि फणस. फणसाला घडीचा चाकू लावू नका म्हणजे नका. मी लावलाय एकदा, पात्याला खोबरेल चोपडून वगैरे सगळं करून, तरी चीक सांध्यात उतरला आणि वाळल्यावर चाकू असा बंद झाला की उघडेचना. शेवटी रात्रभर खोबरेलात बुडवून ठेवला, मग टूथब्रशने घासघासून एकदाचा सुटला. फणसाला जुनी सुरी, जिच्यात कुठेही फट नाही.

मग खिशातला चाकू लागतो कुठे? जिथे विळी उचलून नेता येत नाही आणि कोयती काढणं म्हणजे अतिच होतं तिथे. खोके, आंब्याच्या पेटीची प्लास्टिकची पट्टी, सिमेंटच्या पिशवीचा दोरा, जूनच्या आधी ताडपत्री बांधायची नायलॉन दोरी, बागेत बसल्या जागी कापून खायचा आंबा, पंपाच्या वायरचं टोक सोलणं, औषधाच्या पट्टीतून गोळी काढणं, पायातला काटा. बघायला गेलं तर दिवसातून सात-आठ वेळा.

आता उमेदवार. लाल म्हणजे विक्टोरिनॉक्सचा स्विस चाकू, माझ्याकडे स्पार्टन आहे, बंद असताना 91 मिलिमीटर, वजन साधारण 60 ग्रॅम. लाकडी म्हणजे फ्रान्सचा ओपिनेल, आठ नंबर, पातं साडेआठ सेंटीमीटर, बीच लाकडाची मूठ. पक्कडवाला म्हणजे लेदरमन, माझ्या मेव्हण्याकडे त्यातला वेव्ह आहे, 241 ग्रॅम. चौथा आपला स्टेशनरीच्या दुकानातला कटर, ज्याचं पातं टकटक तोडत जायचं. आणि पाचवा, जो बहुतेकांच्या घरी ऑलरेडी असतो, जत्रेत किंवा ऑनलाइन सेलमध्ये घेतलेला अकरा-कामांचा स्वस्त चाकू, त्याच्याबद्दल पुढे.

खोके आणि टेपपट्ट्या एवढंच काम असेल तर माझ्याकडून स्पष्ट ऐका, कटर घ्या आणि पैसे वाचवा. टेपचा गोंद पात्याला चिकटतो, चांगल्या चाकूची धार त्यात वाया जाते, कटरचं टोक बोथट झालं की मोडून टाकायचं, संपलं. ही मोडायची आयडिया 1956 साली जपानमध्ये निघाली, ओल्फा कंपनीवाल्यांची, काचेचा तुकडा आणि चॉकलेटच्या वडीचे चौकोन बघून सुचली म्हणतात. फक्त मोडलेला तुकडा कचऱ्यात तसाच टाकू नका, जुन्या गोळ्यांच्या डबीत जमवा, आमच्याकडे परसात कोंबड्या आणि पोरं दोन्ही अनवाणी फिरतात. पण कटरची मजा तिथेच संपते. पातं पातळ, बाजूला जोर दिला की तडकतं, सुंभ कापताना तर हमखास. शिवाय पावसाळ्यात आतली पट्टी गंजून अशी अडकते की ढकलता ढकलता अंगठा जातो.

दोरी, सुंभ, ताडपत्री. इथे लाकडी ओपिनेल एकदम राजा. पातं लांब, पातळ, आणि मुठीच्या गळ्याशी फिरवायची लोखंडी कडी असते ती फिरवली की पातं लॉक, जोर लावला तरी बोटांवर मिटत नाही. ही कडी 1955 पासूनची, चाकू स्वतः 1890 चा. लाल चाकूला लॉक नाही, नुसती स्प्रिंग आहे, त्यामुळे दोरीत पातं घालून आपल्याकडे ओढायचं ठीक, पण टोचायचं किंवा उलटं दाबायचं काम असेल तर सांभाळा. माझ्या तर्जनीवर एक पांढरी रेघ आहे, ताडपत्रीला भोक पाडताना पडलेली. तेव्हा लाल चाकूच्या पाठीला जो टोचा असतो तो वापरायचा सोडून मी पातं वापरत होतो, म्हणजे चूक चाकूची नाही, माझीच. टोच्याने भोक छान पडतं आणि ते फाटत पण नाही.

आंबा, काकडी, पेरू, टपरीवरचा पाव, म्हणजे खाण्याचं काही कापायचं तर पुन्हा लाकडीच. पातळ पातं फळातून असं जातं की हापूसची फोड कोयीला लागून सलग निघते. लाल चाकूचं पातं त्या मानाने छोटं आणि जाड, आंबा कापतो पण कुस्करतो थोडा. पक्कडवाल्याने आंबा कापणं म्हणजे सुताराच्या पेटीतल्या हत्याराने कापल्यासारखं वाटतं, आणि मेव्हण्याने त्याच पक्कडीने सकाळी पंपाचा ग्रीस लागलेला क्लॅम्प धरलेला असतो, त्यामुळे मी तर खात नाही.

आंबा झाडावरून काढायला मात्र यातला एकही नको, त्याला दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा नूतन झेला आहे, झेला म्हणजे लांब काठीला लावलेली जाळी, पातं झेल्यातच असतं आणि आंबा देठासकट उतरतो. पुढे देठ छाटायचा तर चाकूपेक्षा कात्री बरी, चीक सालीवर ओघळला की डाग पडून फळाचा भाव जातो. म्हणून ज्यांची दहा-वीस कलमं आहेत त्यांनी लाल घ्यायचा तर स्पार्टनऐवजी क्लाइंबर बघा, त्यात छोटी कात्री येते, आणि ती कात्री खरंच कापते, शोभेची नाही. कोय कलम बांधणाऱ्यांनी मात्र कलमाचा चाकू वेगळाच ठेवा. काडीला पाचरीसारखा काप एका झटक्यात सपाट यायला लागतो, ज्या पात्याने सकाळी टेप फाडली त्याने ते जमत नाही.

वायर, पंप, नळ, गाडी. इथे पक्कडवाला, वादच नाही. 1983 पासून अमेरिकेत बनतोय, आणि त्याचा जन्मच म्हणे जुनी गाडी घेऊन युरोप फिरताना पक्कड नसल्याच्या वैतागातून झाला, जे मला फार पटतं, कारण कशेडीच्या घाटात गाडीचा सायलेन्सर लोंबायला लागला की पातं कितीही धारदार असून काय उपयोग. लाल चाकूत बाटली उघडायच्या पट्टीला स्क्रू-ड्रायव्हरचं टोक आहे, तिलाच वायर सोलायची खाच आहे, प्लगचे स्क्रू वगैरे होतं काम. पण एक सांगतो, लाल चाकूची बाजू प्लास्टिकची दिसते म्हणून तो इन्सुलेटेड समजू नका, दोन पट्ट्यांच्या मधून लोखंड आरपार उघडं असतं. मेन स्विच बंद करूनच.

पण 241 ग्रॅम लुंगीत किंवा हाफ पँटच्या खिशात रोज कोण घेऊन फिरणार? मेव्हण्याचा आता कायमचा गाडीच्या डॅशबोर्डमध्ये असतो. जो चाकू अंगावर नसतो तो खिशातला चाकू कसा?

आता कोकणातली खरी परीक्षा, गंज. पुण्या-नागपूरवाल्यांना हे कळणार नाही. खारी हवा आणि त्यात चार महिने असा पाऊस की कपाटातल्या चपलांना बुरशी येते, त्यात लोखंडाचं काय होत असेल. ओपिनेल दोन प्रकारात येतो, कार्बन आणि स्टेनलेस, आणि ऑनलाइन घेताना हा फरक न बघता लोक ऑर्डर करतात. कार्बनवाल्याला धार पटकन लागते, चहाच्या कपाच्या तळाला जी खरखरीत गोल कड असते तिच्यावर दहा वेळा फिरवला तरी कागद कापायला लागतो, आणि मला मनातून तोच आवडतो. पण त्याने कैरी कापली की पातं निळं-काळं आणि कैरीच्या फोडीलाही लोखंडाची चव, रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, फोडले तर पाच मिनिटांत डाग, केळफूल सोलायला घेतलं तर शाईच सांडल्यासारखं सगळं काळं. आपल्या आज्यांची विळी पण तशीच लोखंडी होती, पण आज्या काम झालं की विळी लगेच धुऊन, पुसून, उभी ठेवायच्या. तुम्ही ठेवणार का तसं, हे स्वतःला विचारा. खिशात घामाने ओला झालेला कार्बन चाकू एका दिवसात तांबूस ठिपके दाखवतो, मी बघितलंय.

म्हणजे स्टेनलेस ओपिनेल घेतला की सुटलो? अर्धे. पात्याचा प्रश्न सुटतो, लाकडाचा नाही. जुलैत मूठ फुगते आणि फटीत पातं असं आवळून बसतं की नखाने ओढून नख निघायची वेळ. यावर फ्रान्समधल्या त्यांच्या गाववाल्यांचीच एक युक्ती आहे, आधी लॉकची कडी मोकळी करायची, चाकू मिटलेलाच धरायचा आणि मुठीचं मागचं टोक टेबलावर टक्कन आपटायचं, पातं जरासं वर डोकावतं, मग धरून उघडायचं. मी जांभ्याच्या पायरीवर आपटतो, चालतं. पावसाआधी मुठीला जवसाचं तेल पाजलं तर फुगणं कमी होतं, बंद नाही होत.

लाल चाकू इथे सरळ जिंकतो. त्याच्या नावातच ते आहे, विक्टोरिया हे संस्थापकाच्या आईचं नाव, आणि इनॉक्स म्हणजे न गंजणारं, 1921 साली स्टेनलेस वापरायला लागले तेव्हा जोडलेलं. माझा स्पार्टन सहा पावसाळे झाले, एकदा विहिरीच्या पाळीवर रात्रभर पावसात राहिला, पात्याला काही नाही. फक्त सांध्यात पाचोळा-माती जाते, कोमट पाण्यात उघडमीट करायची, उन्हात वाळवायचा आणि शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब. खोबरेल नको सांध्याला, काही महिन्यांनी खवट होतं आणि थंडीत सकाळी गोठतं. धारेच्या बाबतीत मात्र लाल कमी पडतो, पोलाद मऊ आहे, महिन्या-दोन महिन्यांनी निसण्यावर घ्यावाच लागतो.

आणि तो स्वस्त अकरा-कामांचा. दिसायला लालच, वर पांढरा क्रॉस पण असतो कधीकधी. माझा पहिला चाकू तोच होता, जत्रेतला. पहिल्याच पावसाळ्यात आतली पिन गंजून कात्री आणि करवत एकमेकांना चिकटली, आणि टिनचा डबा उघडताना डबा-ओपनरच वाकला. फुकट मिळाला तरी पोराच्या हातात देऊ नका.

कायद्याबद्दल थोडक्यात, कारण चुलतभावाला त्याचीच भीती होती. शस्त्र नियमांत परवाना लागतो तो 9 इंचाहून लांब किंवा 2 इंचाहून रुंद पात्याला, आणि त्यातूनही घरगुती, शेतीची अवजारं वगळलेली आहेत, तेव्हा हे सगळे चाकू त्या मापाच्या खूप आत आहेत. पण सणासुदीला किंवा निवडणुकीला महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम 37 खाली जिल्ह्यात मनाई आदेश लागतात, त्यात सुरे-चाकू जवळ बाळगायलाही बंदी असते, त्या दिवसांत मिरवणुकीत खिशात नको. बटण दाबून उघडणारा तर कधीच घेऊ नका, घरच्या कामाला त्याचा शून्य उपयोग आणि पोलिसांना समजावत बसा. विमानाने येणार असाल तर हँडबॅगेत चालत नाही, चेक-इनच्या बॅगेत टाका.

तर माझा निकाल असा की रोज खिशात ठेवायचा एकच चाकू हवा आणि निगा राखायचा कंटाळा असेल तर लाल, झाडं असतील तर कात्रीवाला. फळं, दोरी, बागेत वेळ घालवायची हौस असेल तर स्टेनलेस ओपिनेल, आणि कार्बन फक्त विळी पुसून ठेवणाऱ्या घराण्यातल्यांनी. पक्कडवाला गाडीत. कटर दाराजवळच्या खुंटीला, तो तर लालबरोबर पण असूच दे.

चुलतभावाने लालच आणला. अण्णांनी उलटसुलट बघितला आणि म्हणाले, "खेळणं आणलंस काय रे?" आणि खिडकीत ठेवून दिला. चौथ्या दिवशी गणपतीच्या डोक्यावर बांधायच्या माटवीसाठी रानातून सामान आणताना त्यांच्या तळव्यात करवंदीचा काटा मोडला, आणि चाकूच्या कडेतून तो इवलासा चिमटा ओढून मी काटा काढून दिला, तेव्हापासून चाकू त्यांच्या आकडीला सुतळीने बांधलेला असतो. सुतळी तुम्हीही बांधा, किल्लीची रिंग असते तिथे. माझा पहिला ओपिनेल आंब्याखालच्या पातेऱ्यात पडला, लाकडाच्या रंगाचा, दोन दिवस खराटा घेऊन शोधला, अजून तिथेच आहे कुठेतरी.