ओपनएसएसएच ९.२ की १०.०? दोन्ही रोज वापरल्यानंतरचा अनुभव

ओपनएसएसएच म्हणजे दूरच्या सर्व्हरवर सुरक्षितपणे लॉगिन करायचं सॉफ्टवेअर. आमच्या ऑफिसचे सर्व्हर डेबियन (लिनक्सचा एक प्रकार) १२ वर आहेत, म्हणजे ओपनएसएसएच ९.२. चाचणीच्या मशीनवर डेबियन १३ टाकलं, त्यात १०.० येतं. कित्येक महिने दोन्हींवर रोज लॉगिन केल्यावर माझं मत पक्कं झालंय: कामाच्या सर्व्हरवर डेबियन १२ चंच ९.२ राहू द्या, फक्त एकही सिक्युरिटी अपडेट चुकवू नका.

‘९.२ जुनं, म्हणून धोक्याचं’ हे मला अजिबात पटत नाही. १ जुलै २०२४ ला ओपनएसएसएचमधली सीव्हीई-२०२४-६३८७ (सुरक्षा-त्रुटींच्या जागतिक यादीतला क्रमांक) ही गंभीर त्रुटी जाहीर झाली. मूळ प्रकल्पाने ती ९.८ मध्ये दुरुस्त केली. डेबियनने तेवढीच दुरुस्ती ९.२ च्या पॅकेजात आणली. आकडा ९.२ च राहिला, शेपूट मात्र ‘डेब१२यू३’ झालं. ऑडिटवाल्यांचा स्कॅनर नुसता आकडा वाचून लाल शेरा मारतो. त्यांना पॅकेजचा चेंजलॉग, म्हणजे बदलांची नोंद, दाखवायचा, विषय मिटतो. ही त्रुटी आली ८.५ मध्ये, त्यामुळे डेबियन ११ मधलं ८.४ तिच्यापासून सुरक्षितच होतं! नवं म्हणजे सुरक्षित असंही नाही. त्याच वर्षी मार्चमध्ये एक्सझेडच्या (फाइली आकसवायचं सॉफ्टवेअर, डेबियनमध्ये एसएसएच सर्व्हरही त्याच्या लायब्ररीशी जोडला जायचा) ५.६.० आणि ५.६.१ मध्ये लपवलेलं चोरदार सापडलं. लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय, याचा छडा आंद्रेस फ्रॉइंड या प्रोग्रामरने लावला म्हणून. त्या आवृत्त्या डेबियन टेस्टिंगपर्यंत (पुढच्या आवृत्तीची तयारी चालते ती शाखा) पोचल्या होत्या, स्टेबलमध्ये, म्हणजे रोजच्या वापरासाठीच्या पक्क्या आवृत्तीत, नव्हत्या.

१०.० मध्ये क्वांटम संगणकालाही पुरून उरेल अशी नवी की-एक्स्चेंज (जोडणीची गुप्त किल्ली ठरवायची) पद्धत आपोआप वापरली जाते. पण त्याच हेतूची आधीची पद्धत ९.० पासूनच डिफॉल्ट आहे, तेव्हा एवढ्यासाठी सर्व्हर बदलायची घाई नको.

मला खरोखर आवडलं ते ९.८ पासून आलेलं ‘पर-सोर्स पेनल्टीज’. सतत चुकीचे पासवर्ड मारणाऱ्या आयपीला सर्व्हर स्वतःच काही काळ दाराबाहेर ठेवतो. मात्र आमच्या ऑफिसचा बाहेरचा आयपी एकच. एका सहकाऱ्याची की (पासवर्डऐवजी वापरायची किल्ली-फाइल) वारंवार नाकारली गेली आणि सगळ्यांचंच लॉगिन अडलं. ऑफिसचा आयपी सवलतीच्या यादीत घातल्यावर सुरळीत झालं. शिवाय लॉगमध्ये सर्व्हर प्रोग्रामचं ‘एसएसएचडी’ऐवजी ‘एसएसएचडी-सेशन’ असं नाव येतं. लॉगमध्ये जुनं नाव शोधणाऱ्या स्क्रिप्ट तपासून घ्या.

लॅपटॉपवर मात्र नवीनच ठेवा. अडचण फक्त जुन्या नेटवर्क स्विचची: ते ओळख पटवायला एसएचए-१ या जुन्या, कमकुवत पद्धतीवरच्या आरएसए (डिजिटल) सह्या वापरतात, आणि त्या ८.८ पासून डिफॉल्टने बंद आहेत. त्या सरसकट चालू करू नका, कॉन्फिग फाइलमध्ये त्या एका होस्टपुरतीच सूट द्या.