दार उघडं की वेळ ठरलेली? नव्या टीम लीडसाठी

बढती मिळाली, हाताखाली सात-आठ माणसं आली, की पहिल्या महिन्यातच एक गोष्ट ठरवावी लागते. 'कधीही या, दार उघडंच आहे' म्हणायचं, की दर आठवड्याला प्रत्येकाची वेळ लावून वन-ऑन-वन, म्हणजे दोघांचीच बैठक, घ्यायची? दोन्ही करू, असं सगळेच म्हणतात. रिलीज, म्हणजे सॉफ्टवेअर बाहेर देण्याची तारीख, जवळ आली की त्यातलं एकच उरतं. मी दोन्ही चालवून पाहिलंय, आधी हिंजवडीत, मग खराडीत. तेव्हा हे मत आयटीतल्या लहान टीमपुरतं धरा. चाकणच्या शॉप फ्लोअरवर साहेबाने मशीनपाशी जाऊन विचारणं कदाचित दोन्हींपेक्षा सरस ठरेल.

उघड्या दाराच्या बाजूने बोलण्यासारखं बरंच आहे. हे काही नवं खूळ नव्हे; १९३९ मध्ये पालो आल्टोच्या एका गॅरेजात सुरू झालेल्या ह्यूलेट-पॅकार्डची तर ती ओळखच होती. अडचण ताजी असतानाच समोर येते. क्लायंटचा मेल खटकला, घरी कोणी आजारी पडलं, तर मंगळवारची वाट कोण बघणार? तुमचं कॅलेंडरही मोकळं राहतं. टीम बोलघेवडी असेल आणि सगळे रोज ऑफिसात येत असतील, तर एवढ्यावर भागतं, खरंच.

मला नडली ती केबिनची काच. आपल्याकडे मॅनेजरची केबिन म्हणजे मत्स्यालय. आत कोण गेलं, किती वेळ बसलं, दार ओढून घेतलं का, हे अख्खा फ्लोअर बघत असतो. एरवी गप्प असणारी एखादी मुलगी आत जाऊन दार लावते, आणि खाली टपरीवर लगेच 'पेपर टाकला वाटतं', म्हणजे राजीनामा दिला, असं सुरू. ती बिचारी गेलेली असते दोन दिवस घरून काम मागायला. पुढच्या वेळी ती मेल करते, त्यानंतर मेलही येत नाही. येत राहतात ते दोघे-तिघे, ज्यांना कोणी काही म्हटलं तरी फरक पडत नाही. मग त्यांचं मत ते टीमचं मत होऊन बसतं.

हार्वर्डच्या एमी एडमंडसन यांनी नव्वदच्या दशकात रुग्णालयांत जे पाहिलं, ते इथे आठवतं. जिथली टीम चांगली, तिथे औषधांच्या चुका उलट जास्त नोंदलेल्या दिसल्या. तिथली माणसं चूक झाल्याचं उघड बोलू शकत होती, हा त्यांनी त्यातून लावलेला अर्थ. म्हणून केबिनकडे कोणी फिरकत नसेल, तर सगळं आलबेल आहे असं मी तरी धरत नाही.

ठरलेल्या वेळेत ती बघाबघीच संपते. आज हा, उद्या ती. सगळेच आत जातात, म्हणून कोणाचंही जाणं ही बातमी उरत नाही. इंटेलच्या अँडी ग्रोव्ह यांनी १९८३ मध्येच लिहिलं होतं की ही बैठक हाताखालच्या माणसाची, विषय त्याने आणायचे. आपल्याकडे मॅनेजर लॅपटॉप उघडून तिकिटं, म्हणजे नेमून दिलेल्या कामांच्या नोंदी, वाचत बसतो, जे सकाळच्या स्टँड-अपला, म्हणजे टीमच्या रोजच्या छोट्या बैठकीत, झालेलंच असतं. लॅपटॉप बाहेर ठेवा. सुरुवातीचे काही आठवडे 'सगळं ठीक आहे सर' एवढंच ऐकू येईल, ते सोसा. माझ्या टीमचा अमेरिकेचा कॉल रात्री उशिरापर्यंत चालायचा आणि सकाळी साडेनऊला स्टँड-अप. सगळे पेंगत यायचे, पण उघड्या दारातून येऊन हे कोणी म्हटलं नव्हतं. वन-ऑन-वनमध्ये एकाने चाचरत सांगितलं, पुढच्याने दुजोरा दिला, आणि स्टँड-अप अकराला गेली. शिवाय जो आठवड्यातले तीन दिवस घरून काम करतो, त्याला तुमचं दार उघडं असून काय उपयोग?

वेळ खूप जातो, हे खरं. आठ जणांना अर्धा-अर्धा तास म्हणजे आठवड्याचे चार तास गेले. टीम मोठी असेल तर पंधरा दिवसांनी घेतली तरी चालते. लागोपाठ पुढे ढकलणं मात्र न घेण्यापेक्षा वाईट. आणि शुक्रवारची दुपार कोणालाच देऊ नका. निम्मी टीम तेव्हा मनाने सातारा-कोल्हापूरच्या गाडीत बसलेली असते.